सातव्या पानाची घडी

अंबुबाईंच्या हाती विहीर होती. कासारवाडीच्या धुमाळांच्या मळ्यातल्या त्या विहिरीवर कोरड्या साली अख्ख्या वाडीचे घडे भरले गेले, आणि कोणाचा घडा आधी, कोणाचा नंतर, हे अंबुबाई काठावर उभ्या राहून ठरवीत. त्यांची सून भागीरथीबाई. तिच्या हाती विहिरीबरोबर धान्याच्या कोठीची किल्ली आली. भागीरथीबाईंची सून शालनबाई. तिच्या काळात जमिनी कारखान्यांत गेल्या, मळा गेला, विहीर बुजली, आणि उरलेल्या गुंठ्यांवर अठरा खोल्यांची भाड्याची चाळ उभी राहिली. चाळीत पाण्याची एक टाकी आणि टाकीला एक नळ. त्या नळाची किल्ली शालनबाईंनी डोळे मिटण्यापूर्वी आपल्या हाताने जिच्या कमरेला अडकवली, ती त्यांची धाकटी सून म्हणजे कुसुमताई.

नळावर लोखंडी पेटी बसवून तिला कुलूप घालण्याची पद्धत शालनबाईंनी पाडली होती. कुसुमताईंनी ती अधिक कडक केली. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, प्रत्येक बिऱ्हाडाला चार हंडे. कोणाचा नवरा कोणत्या शिफ्टला आहे, कोणाचे मूल तापाने फणफणले आहे, या गोष्टींसाठी पेटी उघडत नसे. एकीसाठी उघडली की सतरा जणींसाठी उघडावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांच्या म्हणण्यावर कोणी बोलत नसे.

आज चाळीच्या जागी सात मजली इमारत आहे. कुलूप भंगारात गेले त्याला पंधरा वर्षे झाली. ती पितळी किल्ली मात्र कुसुमताईंच्या जुडग्यात अजून आहे. शहात्तराव्या वर्षीही त्या पहाटे उठतात, ताठ बसतात, आणि मुलगा रणजीत पन्नाशी उलटली तरी त्यांच्या खोलीत शिरताना दारात क्षणभर थांबतो.

वाडीत कुसुमताईंचा मान दुहेरी होता. त्या धुमाळांच्या सूनबाई होत्या आणि त्या शारदा महिला वाचक मंडळाच्या संस्थापक अध्यक्षा होत्या. मॅट्रिक होऊन या घरात आलेली ही पहिली सून. चाळीच्या गच्चीवर पत्र्याची खोली बांधून घेऊन त्यांनी तिथे मंडळ सुरू केले आणि वीस वर्षे चालवले. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीनला सतरंज्या अंथरल्या जात. मंडळाची एक रीत होती, ती त्यांनीच घालून दिलेली. नव्या सभासदाने आपली वही महिनाभर अध्यक्षांकडे ठेवायची. अध्यक्षांनी ती वाचायची. पुढच्या बैठकीत लिहिणारीने वाचन करायचे, अध्यक्षांनी सर्वांदेखत अभिप्राय द्यायचा, आणि मग तिच्या ओंजळीत नारळ आणि एक कोरी वही ठेवायची. कोरी वही मिळाली की ती बाई लेखिका झाली, असे वाडीत मानले जाई. अशा एकोणचाळीस वह्या कुसुमताईंनी दिल्या. चाळिसावी दिली नाही, आणि हे त्यांच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते.

नात दिव्या लिहू लागली तेव्हा मंडळ बंद पडून बरीच वर्षे झाली होती. दिव्या चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरीला. मोटारींचे सुटे भाग मोजपट्टीला लावून पास-नापास करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन गोष्टी लिहायच्या. त्या गोष्टी ऐकवायच्या कोणाला, हा तिचा प्रश्न होता. वर्षभर ती शोधत होती. पुण्यातल्या एका बैठकीला दोनदा जाऊन आली; तिथे सगळे एकमेकांना तीस वर्षांपासून ओळखत होते आणि तिला कोणी नाव विचारले नाही. मोबाइलवरच्या गटात कोणी काहीही लिहिले तरी पाच मिनिटांत पन्नास जण ‘सुंदर’ म्हणत. त्याचा तिला वीट आला. चिंचवडच्या वाचनालयातली कार्यशाळा तिच्या शिफ्टच्या वेळी भरे. आजीला ती थट्टेने म्हणायची की तुझे मंडळ तू बंद केलेस आणि मला वाऱ्यावर सोडलेस. कुसुमताई त्यावर हसत आणि विषय बदलत.

मग एके दिवशी असेंब्ली लाइनवरच्या नीला नावाच्या मैत्रिणीने तिला पत्ता दिला. चाकणमध्ये तळेगाव रस्त्याला, शिकवणीच्या वर्गावरच्या माडीवर, दर रविवारी चार वाजता काही बायका जमतात. कंपनीतल्या, घरकाम करणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या. नाव ‘आपली वही’. दिव्या उड्या मारतच घरी आली आणि प्रवेशाचा कागद आजीच्या मांडीवर ठेवला. साहित्याचा वारसा या रकान्यात तिने आजीचे पूर्ण नाव लिहिले होते, हुद्द्यासकट.

कुसुमताईंनी चष्मा लावला. कागदावर नियम तीनच होते. पहिला होता तो असा: इथे कोणाचीही वही ठेवून घेतली जात नाही. लिहिणारीने वही आपल्या हातात धरावी आणि आपल्या तोंडाने वाचावी. खाली कार्यशाळा चालवणारीचे नाव होते, कस्तुरा ज्योतीराम.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग दिव्याला म्हणाल्या, वारशाच्या रकान्यातले माझे नाव खोड. दिव्याला वाटले, आजीला आपली जाहिरात आवडत नाही. तिने हसत हसत नावावर रेघ मारली. कस्तुरा कोण, ओळखतेस का, असे तिने सहज विचारले, तेव्हा कुसुमताई म्हणाल्या की पूर्वी आपल्या चाळीत, नळाला लागून असलेल्या खोलीत राहत असत. एवढेच बोलून त्या देवघरात गेल्या आणि दिवा आधीच लावलेला असताना वात पुन्हा सारखी करत बसल्या.

पहिल्या रविवारी दिव्या गेली आणि रात्रीच्या जेवणाला परत आली ती उजळून. आमटीचा भुरका मारता मारता तिने सगळे सांगितले. माडीवर प्लास्टिकच्या खुर्च्या, खालून मसाला कांडपाच्या गिरणीचा वास, आणि मध्ये ती कस्तुराबाई. पंचावन्नच्या आसपासची, बीडकडची बोली, आवाज असा की गिरणी थांबली तरी कळू नये. नव्या मुलींनी विचारले की वहीचा पहिलाच नियम असा का. तेव्हा तिने सांगितले, की फार वर्षांपूर्वी तिने आपली एकुलती एक वही एका शिकलेल्या बाईंकडे वाचायला दिली होती आणि ती तिथे हरवली. कंपनीतल्या फेकून दिलेल्या कागदांच्या पाठीवर लिहून मग त्या वहीत उतरवलेल्या गोष्टी होत्या. ते कागद चुलीत गेले होते. त्यानंतर एकोणीस वर्षे तिने पेन धरले नाही.

कुसुमताईंचा घास हातातच राहिला.

“नाव नाही सांगितलं त्या बाईंचं,” दिव्या म्हणाली. “उलट म्हणाली, बाई वाईट नव्हत्या, वस्तू हरवते कधीकधी. पण आजी, तुला सांगते, मला तर चीड आली. तुझ्याकडे किती वह्या यायच्या, तू कधी एक तरी हरवलीस?”

“भाजी घे,” कुसुमताई म्हणाल्या.

ती वही हरवलेली नव्हती. ती याच घरात, शिसवी कपाटाच्या तळच्या कप्प्यात, शालनबाईंच्या शालूखाली, एका धुतलेल्या पंचात बांधून ठेवलेली होती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी कस्तुरा ती घेऊन आली तेव्हा तिचे वय सव्वीस-सत्तावीस असेल. नवरा ज्योतीराम पत्र्याच्या शेडमध्ये प्रेसवर काम करी. ती अंगणात उभी राहिली, वही पदरात झाकलेली, आणि म्हणाली की ताई, रीत ठाऊक आहे, महिनाभर ठेवा. कुसुमताईंनी त्याच दुपारी झोपाळ्यावर बसून वही उघडली. पहिल्या गोष्टीचे नाव होते ‘किल्ली’. त्यात एक चाळ होती, एक नळ होता, आणि एक मालकीण होती. मालकिणीच्या कमरेचा जुडगा वाजला की रडती पोरे गप्प होत. मालकीण हंडे मोजताना बोटांची पेरे अंगठ्याने अशी दाबी, जणू प्रत्येक हंडा तिच्या अंगातून भरून जातो आहे. कुसुमताईंनी आपल्या हाताकडे पाहिले. अंगठा पेरावर होता.

सातव्या पानापर्यंत त्या आल्या आणि पुढे वाचू शकल्या नाहीत. पानाचा कोपरा त्यांनी दुमडला आणि वही मिटली. राग आला होता हे खरे. पण रागापेक्षा दुसरेच काही जास्त होते. इतकी वर्षे एकोणचाळीस बायकांना अभिप्राय देताना, आणि स्वतः दिवाळीच्या अंकांना कविता पाठवताना, त्यांना जे कधी साधले नव्हते ते या भाडेकरणीने सात पानांत साधले होते. ही गोष्ट पुढच्या शनिवारी गच्चीवर वाचली जाणार, अठरा बिऱ्हाडांतल्या बायका ती ऐकणार, आणि मालकीण कोण हे कोणाला सांगावे लागणार नाही. आणि वाचन संपल्यावर उठून, सर्वांदेखत, गोष्ट उत्तम आहे असे म्हणावे लागणार, कारण ती उत्तम होती.

कस्तुरा वही मागायला तीनदा आली. पहिल्यांदा कुसुमताई म्हणाल्या, पुण्याच्या एका जाणकारांना दाखवायला दिली आहे. दुसऱ्यांदा म्हणाल्या, तिथून परत आली, पण कुठे ठेवली ते सापडत नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मोलकरणीकरवी ताई घरी नाहीत असा निरोप दिला आणि पडद्याआड उभ्या राहून, उंबऱ्याबाहेरच्या त्या दोन रबरी चपला किती वेळ हलत नाहीत, ते पाहिले. दोन महिन्यांनी ज्योतीरामला चाकणला काम लागले. खोलीची किल्ली परत द्यायला कस्तुरा आली तेव्हा वाकून नमस्कार करून म्हणाली, वही सापडली तर ठेवून द्या, मी येईन कधीतरी. ती आली नाही. कुसुमताईंनी मात्र ठेवून दिली. पुढची पाने त्यांनी कधी वाचली नाहीत.

त्या रविवारनंतरचे तीन दिवस त्यांना अन्न गोड लागले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी एक मार्ग काढला, आणि तो काढताना आपण काय करतो आहोत हे त्यांना पुरते कळत होते. दिव्या कामावरून आल्यावर त्यांनी तिला बोलावले, पंचात बांधलेली वही तिच्या हाती दिली आणि म्हणाल्या, माळ्यावरच्या जुन्या कागदांत ही मिळाली. तुझ्या त्या कस्तुराबाईंची दिसते. रविवारी नेऊन दे.

दिव्याने आधी वहीकडे पाहिले. मग तिचे डोळे मोठे झाले.

“म्हणजे त्या बाई तू?”

“मीच. हरवली होती. आता मिळाली.”

दिव्याने आजीचा हात धरला. तिला आजीची कीव आली असावी. इतकी वर्षे हिने मनाला किती लावून घेतले असेल, असे काहीसे ती म्हणाली. कस्तुराबाईंना किती आनंद होईल, हेही म्हणाली. बोलता बोलता तिने पंचा सोडला आणि वही उघडली. पानापानांतून कडुनिंबाची पाने खाली पडली, तिच्या मांडीवर, पलंगपोसावर. तिने एक पान उचलून खिडकीच्या उजेडात धरले. मोटारीच्या भागांवरचा केसाएवढा चरा शोधण्याची जिच्या नजरेला सवय, तिला ते दिसायला वेळ लागला नाही. पान वाळलेले होते, पण हिरवे होते. बोटांत चुरगळले तर कडू वास येत होता.

दर दिवाळीच्या आवराआवरीत कुसुमताई कपाटातला कडुनिंबाचा पाला बदलत. शालूंमधला, पैठण्यांमधला, आणि त्या वहीतला. अठ्ठावीस दिवाळ्यांत एकदाही चुकल्या नव्हत्या. वही देताना पाला काढून टाकावा, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. तो त्यांच्या लेखी वहीचाच भाग झाला होता.

“आजी,” दिव्या हळू म्हणाली, “हरवलेल्या वहीतला पाला कोण बदलत होतं?”

 कुसुमताई पलंगाच्या कडेला बसल्या आणि सगळे सांगितले. सातवे पान, जाणकारांची थाप, पडदा, रबरी चपला. सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच ताठ होता, म्हणूनच ते ऐकणे कठीण होते.  सगळे संपल्यावर दिव्याने पाने एकेक करून गोळा केली, वहीत ठेवली, पंचाची गाठ मारली आणि गाठोडे आजीच्या शेजारी ठेवले.

“मी नाही नेणार,” ती म्हणाली. “माझ्या हातून गेली तर ती सापडलेलीच वही राहील.”

ती खोलीतून गेली. नंतरचे दोन-तीन दिवस ती आजीशी गरजेपुरतेच बोलली. रणजीतने आईला दोनदा विचारले की पोरीचे काय बिनसले आहे, आणि कुसुमताईंनी दोन्ही वेळा सांगितले की माझ्यामुळे आहे, तू पडू नकोस. असे वाक्य आईच्या तोंडून ऐकण्याची त्याला सवय नव्हती. तो आल्या पावली परत गेला. कुसुमताईंना वाडीतल्या चार माणसांसमोर मान खाली घालण्याची भीती वाटत आली होती. त्या दिवसांत त्यांना समजले की भीती चार माणसांची नव्हतीच. जेवताना समोर बसलेली एक मुलगी नजर वर उचलत नव्हती, आणि ती उचलावी म्हणून त्या वाटेल ते द्यायला तयार होत्या.

शनिवारी त्यांनी बाजारातून एक नारळ आणवला, पाणी हलवून पाहून. दोनशे पानी, पुठ्ठ्याची वही आणवली. रविवारी दुपारी नऊवारी नेसल्या आणि दिव्याच्या दारात जाऊन म्हणाल्या, गाडी तू चालव, मी येते आहे.

नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंत गाड्यांची रांग होती. दोन्ही बाजूंना कंटेनर उभे. तास-दीड तासात दिव्या एकदाच बोलली. मोशीच्या सिग्नलला थांबल्यावर तिने पाण्याची बाटली आजीपुढे धरली आणि म्हणाली, घोटभर घे, तोंड कोरडं पडलंय तुझं.

माडीचा जिना अरुंद होता. कुसुमताई कठड्याला धरून चढल्या. वर बारा-तेरा बायका बसल्या होत्या, काहींच्या अंगावर कंपनीचा निळा कोट. कस्तुराबाईंनी वळून पाहिले. ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. त्यांची नजर आधी जुडग्यावर गेली आणि मग चेहऱ्यावर. त्या पुढे आल्या, ताई म्हणून नमस्काराला वाकल्या.

कुसुमताई एक पाऊल मागे सरल्या.

“थांबा, कस्तुराबाई. आधी ऐकून घ्या, मग वाकावंसं वाटलं तर वाका.”

चाळीत त्या तिला अगं कस्तुरा म्हणत. हा बदल कस्तुराबाईंनी ऐकला. त्या सरळ उभ्या राहिल्या. खुर्ची पुढे केलेली होती, पण कुसुमताई बसल्या नाहीत. अध्यक्षा म्हणून उभे राहून बोलण्याची त्यांना वीस वर्षांची सवय होती, आणि त्या दिवशी त्या सवयीनेच त्यांना उभे ठेवले.

“यांच्या वहीची हकिगत तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे,” त्या बायकांना म्हणाल्या. “ती वही ज्या बाईंकडे होती ती मी. वही हरवली नव्हती. मी ठेवून घेतली. यांना तीनदा खोटं सांगितलं. यांच्या गोष्टीतली मालकीण मी होते, आणि ती चारचौघींत वाचली जाऊ नये, म्हणून मी हे केलं. गोष्ट चांगली होती, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर केलं.”

त्यांनी पंचा सोडला आणि वही दोन्ही हातांनी पुढे केली.

खालची गिरणी चालू होती. कस्तुराबाईंनी वही घेतली, छातीशी धरली नाही, उघडलीही नाही. नुसता पुठ्ठा अंगठ्याने घासत राहिल्या. मग खुर्चीत बसल्या.

“मला वाटलंच व्हतं,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या बारीला पडद्याखालून तुमचे पाय दिसले व्हते, ताई. पर मी सोताला म्हणलं, न्हाई, मोलकरणीचेच असतील. मोलकरणीच्या पायात जोडवी कुठली चांदीची.”

कुसुमताईंनी डोळे मिटले. इतकी वर्षे ज्या खोट्याने आपण झाकले गेलो असे त्या समजत होत्या, ते खोटे समोरच्या बाईने आपल्या हाताने त्यांच्यावर पांघरले होते.

“ती किल्ली हाय अजून?” कस्तुराबाईंनी जुडग्याकडे पाहत विचारले.

“आहे. कुलूप नाही.”

“मंग कशाला वागवताय एवढं ओझं,” कस्तुराबाई म्हणाल्या, आणि मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले. त्यांनी वही उघडली. पाला खाली पडला. त्या सातव्या पानावर थांबल्या, जिथे कोपरा दुमडलेला होता.

“हितवर वाचली?”

“तिथवर.”

“म्होरं?”

“नाही. कधीच नाही.”

“मंग बसा, ताई. म्होरलं ऐका.”

कुसुमताई बसल्या, पहिल्या रांगेत नव्हे, दिव्याच्या शेजारी मागे. कस्तुराबाईंनी वही हातात धरून, आपल्या तोंडाने, पहिल्या ओळीपासून गोष्ट वाचली. मालकीण आली, जुडगा वाजला, पेरे मोजली गेली. सातवे पान संपले. आठव्या पानावर मालकिणीला तळेगावला मयतीला जावे लागते. खोली नळाला लागून म्हणून ती किल्ली एका दिवसापुरती गोष्ट सांगणाऱ्या बाईच्या हाती देऊन जाते. कुसुमताईंना तो दिवस आठवला. किल्ली दिल्याचे त्या साफ विसरल्या होत्या.

गोष्टीतली बाई ठरवते की आज पेटी दिवसभर उघडी ठेवायची. मग दहा बायका दारात येऊन लाडीगोडीने बोलू लागतात. कालपर्यंत जी तिला वळखत नव्हती ती चहा घेऊन येते. बाई म्हणते, जरा थांबा. मग पुन्हा म्हणते, जरा थांबा. सात महिन्यांची पोटुशी शेजारीण स्वरूपा भिंतीला टेकून उभी असते. तिलाही म्हणते, रांगेनं. संध्याकाळी पेटी उघडते तेव्हा हंडे मोजताना तिचे तिलाच दिसते, की अंगठा पेरावर आहे. गोष्ट अशी संपत होती:

“राती मालकीण आली. किल्ली मागितली. म्या दिली. त्या दिसापासून मला तिचा राग येत न्हाई. मला माझंच भ्या वाटतं.”

 निळ्या कोटातली एक मुलगी आपल्या हाताच्या बोटांकडे पाहत बसली होती.

कुसुमताईंना वाटत आले होते की त्यांनी स्वतःवरचा आरोप कपाटात बंद केला. तो आरोप नव्हताच. एका बाईने स्वतःबद्दल दिलेला तो कबुलीजबाब होता. त्यांनी ज्याच्यापासून पळ काढला ते त्या सव्वीस वर्षांच्या मुलीने न भिता लिहून पदराखाली झाकून आणले होते. एक पान पुढे वाचले असते तर. 

“आता बोला, ताई,” कस्तुराबाई म्हणाल्या. “वाचन झालं. अध्यक्षांचा अभिप्राय ऱ्हायलाय.”

कुसुमताई उठल्या. एकोणचाळीस अभिप्रायांत वापरलेली सगळी वाक्ये त्यांना पाठ होती. त्यांतले एकही इथे चालणार नव्हते.

“गोष्ट उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “मी अशी लिहू शकले नसते, आणि माझ्या मंडळात दुसऱ्या कोणी लिहिली नाही. हे अठ्ठावीस वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. दोष एकच आहे. मालकीण तुम्ही सौम्य लिहिली आहे. ती त्याहून कठोर होती. तिच्या हातून किल्ली गेली तरी तिला स्वतःचं भय वाटलं नाही. मी तिला जवळून पाहिलेली आहे.”

त्यांचा आवाज शेवटच्या वाक्यावर हलला. दिव्याने आजीचा आवाज हललेला आजवर ऐकला नव्हता. ती उठली, पिशवीतून नारळ आणि कोरी वही काढली आणि आजीच्या हातात दिली. देताना तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा आजीच्या डोळ्यांत पाहिले.

कुसुमताई खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेल्या. कस्तुराबाईंनी रीतीप्रमाणे पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि ओंजळ केली. कुसुमताईंनी ओंजळीत नारळ ठेवला, नारळाखाली वही सारली, आणि मग, जे एकोणचाळीस वेळांत त्यांनी एकदाही केले नव्हते, त्या वाकल्या. गुडघे दुखत होते. त्या पुरत्या वाकल्या. कस्तुराबाईंनी त्यांना अडवले नाही. नमस्कार पुरा होऊ दिला, मग एका हाताने त्यांना कोपराला धरून उभे केले.

“आन् ती एकोणीस वर्षं?” कुसुमताईंनी फक्त त्यांनाच ऐकू जाईल असे विचारले. घाईत त्यांच्या तोंडून माहेरचा आन् निघून गेला होता. “ती कशी भरून देऊ?”

“ती माझी हायती, ताई. कागद व्हता, पेन व्हतं. मीच रुसून बसले. तुमच्या वाट्याचं जे व्हतं ते तुमी आज दिलं.” कस्तुराबाईंनी नारळ कानाशी हलवून पाणी ऐकले. “वाचन झालं, अभिप्राय झाला, नारळ-वही मिळाली. तुमच्याकडं आता माझं काई ऱ्हायलं न्हाई.”

त्यांनी जुन्या वहीचे सातवे पान उघडले, दुमडलेला कोपरा नखाने सरळ केला, आणि घडीची रेघ दिसेनाशी होईपर्यंत त्यावरून अंगठा फिरवीत राहिल्या.